एक इंच, एक मैल

ग्रामपंचायतीच्या टेबलावर नकाशा उलगडला
आणि चार कोपऱ्यांवर हाताला आलं ते ठेवलं:
शिक्क्याचं पॅड, पाण्याचा तांब्या,
रायाप्पा कुंभाराचा मोबाईल, दाराचं कुलूप.
तरी मधली घडी उठतेच.
नव्वद वर्षं दुमडून होता, सवय जात नाही.

गाव सापडायला वेळ लागला.
मोजणीदाराच्या कानाला ते गुंडोली ऐकू आलं,
बसच्या पाटीवर कानडीत आहे गोंदोळ्ळी,
रायाप्पा म्हणतो, आम्ही गोंदोळंच म्हणतोय की.
मी तिन्ही लिहून घेतली.
पुढच्या रकान्याला जागा कमी पडली.

वर ट्रेसिंग पेपर, त्यावर आजचं सगळं लाल शाईत.
मलप्रभा थोडी सरकलीय,
झोपेत कूस बदलावी इतकीच.
घाटाखालचं मीठ आणणारी लमाणांची बैलवाट
उसात शिरते ती बाहेर येत नाही.
संस्थानची हद्द शेताशेतातून तुटक तुटक जायची;
काल तिथं चार बायका भुईमूग उपटत होत्या,
एक पाय संस्थानात, एक साहेबाच्या मुलखात.
दुसरी हद्द नंतरची, पश्चिमेला, जाड.
तिच्याबद्दल टेबलाभोवती कुणी काही बोललं नाही.

डोंगरावरचा त्रिकोण तोच.
तेव्हा सत्तावीसशे चौदा, आता आठशे सत्तावीस.
"एवढा खचला?" शिपाई विचारतो.
फूट गेले, मीटर आले, मी सांगते.
तो मान हलवतो,
आणि तरी खिडकीशी जाऊन
एकदा डोंगर बघून येतो.

मग निळा डाग. अंगठ्याएवढं तळं,
खालच्या अंगाला बांध, बांधावर देऊळ.
लाल शाईत तिथं नुसतं 'पडीक'.
"तळ्याचं काय झालं?"
"कौलं झाली की," रायाप्पा म्हणतो.
खानापूरहून कारखान्याचे ट्रक यायचे,
त्याचा बाप टोपल्यांनी माती भरायचा.
आधी गाळ गेला, मग तळ,
मग तळाच्या खालचं, ज्याला नाव नसतं.
"ती शाळा बघा. ते समोरचं. माझंबी.
सगळी तळ्यातलीच."
गावभर पालथं घातलेलं, भाजलेलं तळं.
पावसाळ्यात पाणी अजून
आधी त्याच्याच अंगावर पडतं.

माझ्या प्रबंधात तक्ता आहे:
जलाशय, घट, शंभर टक्के.
छपरांचा रकाना मी आखलेला नाही.

कोंडाबाई यमकर मघापासून दारात,
दुधाची किटली तशीच हातात.
"आमचं कुठं हाय ह्यात?"
मी जंगलाच्या हिरव्यात शोधते.
उंचीच्या रेघा जिथं दाटीनं वळतात
तिथं बारीक तिरप्या अक्षरांत एकच शब्द.
"झोपड्या, असं लिहिलंय."
"कुणाच्या?"
"तेवढंच लिहिलंय."
ती किटली नकाशावर ठेवते, वाकते, ठिपके मोजते.
"चारच दावल्यात. सात हुत्या.
सासरा सांगायचा, मोजणीवाला आला तवा
तिघं खोपटी मोडून म्हशी घेऊन
वरच्या पाण्यावर गेली हुती."

वरचं पाणी ना जुन्यात, ना नव्यात.
मी लाल पेन उघडते, कुठे टेकवावं कळत नाही.
किटली उचलली तर खाली ओलं वर्तुळ,
आणि शिपाई फडकं शोधायला धावतो.

"अजून आहे का ते, आजी?"
ती पायरी उतरता उतरता,
मागं न बघता:
"असतंय की. चैतापतूर."