परतावा

तार्तू. सायकलदुरुस्तीच्या दुकानामागे
माइमूबाईंचं प्रकाशन : दोन खोल्या, एक वजनकाटा.
मी प्रश्नावली काढली.
प्रश्न सात, वार्षिक परतावा?

त्यांनी कोपऱ्याकडे बोट केलं.
दुकानांतून परत आलेले गठ्ठे,
एक सोडून सगळ्यांच्या सुतळ्या तशाच.

तो नाही, म्हटलं, गुंतवणुकीवरचा.

तेव्हा ड्रॉवरमधून एक पोस्टकार्ड निघालं,
बेटावरच्या कुणा दीपगृहवाल्याचं :
पान एकेचाळीस, 'मीठ' हवं तिथे 'दलदल' पडलंय.
(त्यांच्या भाषेत एका अक्षराचा फरक.)

"रोज दहा प्रती दुरुस्त करते.
झोप येईस्तोवर."

रकान्यात मी शून्य लिहिलं.
पेन्सिल त्यांचीच होती.
निघताना
आठवणीनं परत मागून घेतली.