हाफ क्लच

शुक्रवारी पहाटे अजमान झोपेत असतं
आणि जुर्फमधल्या बंद टाइल्सच्या गोडाउनमागे
दोनशे मीटर डांबर कुणाचंच नसतं.
रोडेल माझ्याआधी आलेला,
हेल्मेटवर बसून पावात अंडं घालून खातोय.
गाडी त्याची. टाकी एकीची, चाकं दुसरीची,
सीट कुठल्या मेलेल्या गाडीची, त्यालाही आठवत नाही.
माझी, म्हणजे कंपनीची, कुंपणाशी उभी,
पाठीवर केशरी डबा,
वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखी.

पहिला धडा चाक उचलायचा नव्हताच.
पहिला धडा उजव्या पायाचा:
मागच्या ब्रेकवर पाऊल. कायम.
वर जायला कुणालाही येतं, रोडेल म्हणाला.
म्हणजे म्हणाला नाही.
त्याची हिंदी बारा शब्दांची, माझं इंग्रजी तेवढंच.
त्यानं एक बोट उभं केलं, हसला,
बोट मागे कलंडवलं, डोळे मिटून जीभ बाहेर काढली,
मग माझ्या बुटावर टिचकी मारली.
समजलं.

तीन शुक्रवार मी नुसता ब्रेक दाबला.

मग डावा हात. दोन बोटं लिव्हरवर, बाकीची मुठीला.
पहिला गिअर, माणसाच्या चालीनं गाडी,
क्लच आत, थ्रॉटल जरा पिळून
इंजिन गुरगुरलं की सोडायचा.
मी सोडला.
गाडी बंद.
थ्रॉटल वाढवून सोडला,
गाडी पुढे, मी मागे, हेल्मेटात शिवी.
"शुवै शुवै!" रोडेल ओरडतो.
हा शब्द इथे सगळ्यांचा आहे,
बंगाली गवंड्याचा, मलबारी चहावाल्याचा, पोलिसाचा.
हळू. घाई नको. होईल.
पगार लांबला की आमच्या मॅनेजरचासुद्धा.

चौदाव्यांदा बंद पडली तेव्हा
मला बाबांचा पाय आठवला.
चिपळूण-कराड एसटी, कुंभार्लीचा घाट,
पुढे ट्रक अडकलेला, मागे जीपचा हॉर्न,
आणि भर चढावर पंचावन्न माणसं
बाबांनी धरून ठेवलेली
डाव्या चपलेच्या अंगठ्यावर.
मी केबिनमध्ये इंजिनाच्या झाकणावर, बूड भाजत.
"हाफ क्लच," ते म्हणाले, रस्त्यावरची नजर न काढता,
"इथे गाडी ना आपली, ना घाटाची."
प्लेटी जळल्याचा वास येत होता.
डेपोत शिव्या बसतील, म्हणाले. बसू देत.

तोच वास आज जुर्फमध्ये आला,
माझ्या डाव्या हाताखालून.

म्हणजे सोडायचा नव्हताच क्लच.
सोडता सोडता नखाएवढ्या जागेत
बोटांनी रेंगाळायचं होतं,
जिथे साखळी ताणते, पुढचा शॉकअप श्वास घेतो,
आणि तेव्हाच थ्रॉटल.

उचललं.
वीतभर. दीड वीत असेल.
हँडलला एकदम वजनच नाही.
डांबर खाली गेलं, कुंपण गेलं,
समोर क्रेनचा लाल दिवा आणि दमट पांढरं आभाळ,
आणि तीन शुक्रवार शिकलेला उजवा पाय
माझ्याआधी दबला.
ठक्.
हेडलाइटची सैल काच कितीतरी वेळ वाजत राहिली.

रोडेलनं मोजलं होतं: एक.
दोन म्हणायला तोंड उघडलेलं, तसंच राहिलं.
उरलेला अर्धा पाव त्यानं मला दिला.

आठला लॉगिन.
चार पराठे, एक दही, नुऐमिया, तिसरा मजला.
सिग्नलला उभा आहे,
शेजारी पांढरी लँडक्रूझर, काचा काळ्या.
पुढचं चाक रस्त्यावर आहे, तिथेच राहणार,
दही सांडलं तर माझ्या पगारातून.
तरी डावी दोन बोटं
हळूच त्या जागी जाऊन येतात.
डबा मागे किंचित दबतो.

रात्री बाबांना फोन करून विचारायचंय,
त्या दिवशी तो ट्रक शेवटी निघाला कधी?
आपण घाट चढलो कसे?
मला आठवतं ते नुसतं धरून ठेवणं,
आणि बुडाचा चटका.

हिरवा झालाय. मागून हॉर्न.