दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं

रेजाँच्या तळघरात आम्ही चौघं.
नदी गोठलेली. रिव्हिएर-द्यु-लूची फेरी
जानेवारीपासून धक्क्याला बांधलेली,
म्हणून तिकीटखिडकीतली माझी बोटं
आज रेकॉर्डी मोजायला मोकळी.

रेजाँला जाऊन सहा आठवडे झाले.
जमीन दगड झालीय, पुरायचं ते मे महिन्यात.
तोवर वाटणी उरका, म्हणाली जिनेट,
मला ती खोली शिवणयंत्राला हवी.

तर डेन्झिल ऑर्चर्ड.
बँड सोडल्यावरच्या त्याच्या चौदा तबकड्या.
कशा लावायच्या?
सालाप्रमाणे, म्हणाला फेर्नां.
दर्जाप्रमाणे, म्हणाला नॉर्मां.
झालं. तोंड फुटलं.

नॉर्मां चर्चमधले ऑर्गन जुळवून देतो.
त्याचा ऑर्चर्ड पहिल्या तिनांतच संपतो:
दीपगृहवाल्याच्या सात स्वप्नांचं
बावीस मिनिटांचं ते एक गाणं,
ज्यात मेलोट्रॉन धुक्यासारखा चढत जातो
आणि आवाज येतो थेट नवव्या मिनिटाला.
"देव तरी कुठे लवकर येतो?"

फेर्नांला शेवटचा हवा,
घशाच्या ऑपरेशननंतरचा,
स्वयंपाकघरात एका गिटारवर गायलेला.
मागे फ्रीजची घरघर.
वरचा सूर लागत नाही,
तर तो तिथे नुसता श्वास ठेवून देतो.
"पंखच नाहीत त्याला," नॉर्मां.
"पंख असले की कोणीही उडतं," फेर्नां.

फेर्नांची नात माएल, एकोणीसची.
तिला दोघंही सारखेच म्हातारे.
"आणि हा कोण?" तिनं एक उचलली.
आखूड केस, गुलाबी कोट, खांद्यांत पॅड.

जेवताना कुणी शिवी द्यावी
तसे सगळे गप्प.

त्या मधल्या.
चार-चार मिनिटांच्या, ड्रमयंत्राच्या, नाचता येतील अशा.
रेजाँला त्यांचा विटाळ.
या बाबतीत त्याचं सोवळं कडक.
तीस वर्षं दर डिसेंबरला
मी विचारायचे, लावू का?
तो सुई वर धरायचा, मास्तरानं छडी धरावी तशी:
"जिस्लेन, या घरात नाही."
सगळे हसायचे. मीही हसायचे.
माझी कॅसेट गाडीतच राहायची.
नवऱ्याला सोडलं त्या रात्री
मोंमाग्नीपासून घरापर्यंत
तीच उलटसुलट वाजत होती,
हे काही वादात मांडण्यासारखं नव्हतं.

"संच पुरा व्हावा म्हणून ठेवली असेल," नॉर्मां म्हणाला,
"कोरी असणार."
माएलनं ती दिव्याखाली तिरकी धरली.

दुसरी बाजू, तिसरं गाणं.
तेवढाच पट्टा करडा,
गवतातून पायवाट पडावी तसा.
अलीकडचं लखलखीत काळं, पलीकडचंही.
आणि गाणं सुरू होतं तिथे
हातानं सुई ठेवल्याचे ओरखडे, बारीक,
जावळासारखे दाट.

नॉर्मांनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.
"सुई खराब असेल."
"चौदांना सुई एकच होती," फेर्नां म्हणाला,
पण जिंकल्यासारखं नाही.

जिनेटला हाक मारली.
ती जिन्यात थांबली, हाताला पीठ.
"ते होय?
तुम्ही गेलात की लावायचा.
शेवटची गाडी वळेपर्यंत खिडकीशी उभा,
मग मला खाली बोलवायचा.
नाच येत नव्हता हो त्याला अजिबात."

मला राग यायला हवा होता.
आलाही, थोडा.
तीस डिसेंबर, म्हटलं, मेल्या.

शेवटी सालाप्रमाणेच लावल्या. ती आठवी.
कोणी नाक मुरडलं नाही,
कोणी मागितलीही नाही,
आणि नॉर्मां, कोट चढवता चढवता,
नवव्या मिनिटाबद्दल पुन्हा काहीतरी बोललाच.

गाडी सुरू केली. काच तापायची वाट पाहिली.
तळघराच्या खिडकीत दिवा होता अजून,
आणि जिनेट तिथे उभी,
पिठाचा हात काचेवर,
मी वळायची वाट बघत.

मी वळले.