दोन इंच माया

म्हापशाच्या बाजारात, केळीवाल्यांच्या रांगेमागे
कायतानचं दुकान.
मशीनच्या खणात एक लांबट वही,
तिला मेणकापडाची खोळ.
आमचं घराणं तिच्यात इंचांनी लिहिलेलं.

हळर्णकर थोरले, कंबर चव्वेचाळीस, साल एकसष्ट.
(हे अक्षर कायतानच्या बापाचं.)
मग भाऊ, लग्नाचा कोट, बेचाळीस.
मग शशीआत्या,
सोमवार निर्जळी, बाकी वार नाचण्याची आंबील,
तरी दर चवथीआधी झंपर उसवून न्यायची.
मग मी. माझे आकडे मी वाचत नाही.

माझा नवरा तळलेल्या इस्वणाच्या चार तुकड्या खातो,
वर पातेलं निपटतो.
वीस वर्षं तीस.

बांबोळीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
वजन वाढवणाऱ्या खुणा तुमच्या रक्तात जरा जास्तच आहेत.
एक नव्हे, शेकडो. प्रत्येक चिमटीएवढी.
मी विचारलं, मग यात माझा दोष किती?
त्यांनी पेनाला टोपण लावलं, पुन्हा काढलं.
तो रकाना या कागदावर नाही, म्हणाल्या.
मग बाकीचे रकाने सांगत गेल्या:
साखर, गुडघे, पित्ताचे खडे,
पायाच्या शिरेत गोठणारं रक्त.

भाऊ त्यानेच गेले. पोटरी सुजली, तिसऱ्या दिवशी छातीत.
बाराव्याला मागच्या पडवीत सगळे म्हणाले,
जिभेने खाल्लं त्याला.
मीही म्हणाले होते.

आणि थोरले? चव्वेचाळीसवाले?
एक्याण्णव वर्षं विहिरीवर आंघोळ केली त्यांनी.
डॉक्टरीणबाई हसल्या. आकडा गावाचा असतो हो,
गावातला एकेक माणूस
त्याच्या अलीकडे-पलीकडे राहतो.

आज लेकीचा युनिफॉर्म. चौदावं लागलंय.
टेप कंबरेला लागली तशी
तिने पोट आत ओढलं, श्वास धरून उभी,
आरशात बघेना.
ही युक्ती मी तिला कधी शिकवली नव्हती.
नव्हती का?

कायतान टेप धरून थांबला.
'श्वास सोड गो बाय. म्हाका घाय ना.'
बाहेर कुणीतरी केळ्यांचा भाव पाडत होतं.
बऱ्याच वेळाने तिने सोडला.

त्याने आकडा लिहिला, मोठ्याने वाचला नाही.
कापडावर खडू ओढला आणि मला म्हणाला,
तुमच्या घराक म्हणून शिवणीत दोन इंच माया सोडतो,
बापायनं सांगून ठेवलंय.

पर्समध्ये साखर तपासायच्या दोन चिठ्ठ्या.
एक माझी.
दुसरीबद्दल तिला
घरी जाताना बसमध्ये सांगेन,
खिडकीची जागा मिळाली तर.