ताबा पावती

सकाळी साडेदहाला भरती होती,
म्हणून पायव्यांची पाहणी दुपारवर ढकलली.
राष्ट्रीय महामार्गाचे रेडेकरसाहेब गाडीतच बसून,
बॉनेटवर फाईल, फाईलवर दगड.
वाऱ्याचा भरवसा नव्हता.

वरच्या अंगाला नवा पूल, चौपदरी.
त्यावरून जाणाऱ्याला खाडी दिसत नाही.
जुना आजपासून राज्याचा, म्हणजे शाखा अभियंता या नात्याने माझा:
एकशे ब्याऐंशी मीटर, सात गाळे,
"आहे त्या स्थितीत".

कागदावर कठड्याचे खांब दोनशे चौदा.
मैलकुली लवू चिंदरकर मोजत गेला, मोजत आला:
दोनशे नऊ.
पुन्हा मोज, साहेब म्हणाले.
"पुन्हा कित्या? चार चिऱ्याच्या ट्रकान नेल्यान.
एक मियाच तोडलंय. पुराच्या रातीक
कृष्णाबायची म्हस अडाकली हुती."
मी शेऱ्यात लिहिलं: पाच अप्राप्त.

दोनला ओहोटी लागली.
तिसऱ्या पायव्याशी बायका उतरल्या, गुडघाभर चिखलात,
कोयत्यांनी कालवं खरवडत.
"कोणाच्या परवानगीनं?"
साहेबांना त्या पुलाचं काही वाटलं ते तेव्हाच,
सुटायला दोन तास उरलेले असताना.
सत्यवती कुबल वर न बघता म्हणाली,
"पूल तुमचो. कालवां खाडयेची."

सहीच्या वेळी बाबल घाडी नारळ घेऊन हजर.
कोणी बोलावलं, अजून कळलेलं नाही.
"बा देवा म्हाराजा,
इतकी वर्सां ह्यो दिल्लीचो हुतो, आज मुंबयचो झालो.
मधल्या मधी ह्येका कोण इसारलो आसात
तर तेका आठवण कर, म्हाराजा."
व्हय म्हाराजा, सगळे म्हणाले.
रेडेकरसाहेबही म्हणाले, जरा उशिरा.

मग सही, शिक्का, तीन प्रती.
साहेबांनी फाईल दिली आणि दगडही दिला,
"ठेवा, लागेल," म्हणाले,
आणि त्यांची गाडी नव्या पुलावरून गेली.

मी रंगाचं अंदाजपत्रक मनात मांडत उभा.
निधी मार्चनंतर. कुठल्या मार्चनंतर, ते लिहिलेलं नव्हतं.
पलीकडे लवू वाकून
कठड्याच्या भगदाडांना सुंभ बांधत होता.
चार बांधली.
पाचव्यापाशी थांबला, खाली पाण्याकडे बघितलं,
सुंभाचं भेंडोळं खांद्यावर टाकलं
आणि ती जागा तशीच सोडली,
म्हशीसाठी.