तिसऱ्या मजल्याचं मीटर

लिफ्टमध्ये नाणं टाकावं लागतं, आणि माझ्याकडे सुटे नव्हते,
म्हणून हत्यारांची पिशवी खांद्याला लावून चालतच चढलो.
साबुर्तालोतली ही इमारत माझ्याहून सहा वर्षांनी मोठी.
जिन्यातल्या पत्र्याच्या पेटीला दार नाही,
आत कुणीतरी लसणाची जुडी सुकायला टांगलेली,
आणि कुठलं मीटर कुणाचं ते खडूने लिहिलेलं,
निम्मं पुसलेलं.

लामाराबाई बिल हातात घेऊन उंबऱ्यातच उभ्या.
"एकटी राहते मी. एक बल्ब, एक रेडिओ, चहाची किटली.
एवढे लारी होतातच कसे?"
बघतो, मी म्हटलं.
"बघू नकोस. शोध."

शोधायची रीत साधी:
घरातले सगळे प्लग काढायचे, दिवे घालवायचे
आणि मीटरची चकती थांबते का ते पाहायचं.
थांबली नाही.
कुणी अनवाणी घरात वावरावं तशी फिरत राहिली,
मध्येच जोर धरून, मग पुन्हा सावकाश.
फ्रीज आहे, मी म्हटलं.
"माझा प्लग तर तूच काढलास."
तुमचा नाही.

मी मेन पाडला.
डोक्यावर, छताच्या पलीकडे,
काहीतरी थरथरलं, हिसका देऊन गप्प झालं.

"त्सियाला!" लामाराबाई छताकडे बघून म्हणाल्या.
"सहा वर्षं बोलत नाही आम्ही, गच्चीतल्या दोरीवरून.
आणि माझ्या पैशांवर मटण गोठवते!"
मग जे बोलल्या ते माझ्या आईनेही मला ऐकू दिलं नसतं.

ओट्यामागचं कपाट सरकवलं.
भिंतीतून निघून स्लॅबमध्ये शिरलेली दुपदरी तार,
जोडाला गुंडाळलेली दवाखान्यातली चिकटपट्टी, पिवळी पडलेली,
तीवर बॉलपेनने एक तारीख: १७ जानेवारी.
बाईंनी चष्मा लावला.
सातच्या पोटात आडवी रेघ.
"असा सात," त्या म्हणाल्या, "नोदारच काढायचा."
आणि स्टुलावर बसल्या.

मी काही विचारलं नव्हतं.
त्या हिवाळ्यात लाइट दिवसाला दोन तास यायची,
कधी तीही नाही.
आमचं स्वयंपाकघर कसं कोण जाणे प्रसूतिगृहाच्या लाइनवर होतं.
वर बाळ वीस दिवसांचं, आणि काचेवर आतून बर्फ.
जिन्यातून तार नेली असती
तर अख्ख्या इमारतीने मागितली असती,
म्हणून हाताच्या गिरमिटाने, रात्रभर.
सकाळी त्याच्या मिश्या सिमेंटने पांढऱ्या.
"तो गेला, लाइन बदलली, मीटर बदललं.
तार काढायची कुणाच्या ध्यानातच राहिलं नाही.
तिला तरी माहीत असेल का रे?"

मला ते ठाऊक नव्हतं. मला जोड दिसत होता:
पट्टीखाली काळा, बोट लावलं तर अजून कोमट.
अॅल्युमिनियम मऊ असतं, बाई. दर थंडीत थोडं सैल होतं.
आज नाही पेटणार. पण पेटेल.
"काप मग."
मी कटर काढलं.
"थांब. जुना फ्रीज महिन्याला किती खातो?"
मी सांगितलं.
त्या बोटांवर मोजू लागल्या, हिवाळ्यामागून हिवाळा,
आणि एका पेरापाशी मोजायचं सोडून दिलं.

वर दार उघडलं. जिन्यातून हाक आली,
पूर्वी सगळी इमारत एकमेकींना द्यायची तशी:
"लामारा! लाइट आहे का गं तुझ्याकडे?"

बाईंनी माझ्या हातातल्या कटरकडे पाहिलं,
पाडलेल्या मेनकडे पाहिलं,
आणि बोट ओठांवर ठेवून मला गप्प केलं.
"नाही गं, इथेही गेलीय!
ये खाली. मेणबत्ती आहे माझ्याकडे."

दुपारचे सव्वाबारा झाले होते.
ओट्यावर ऊन इतकं, की मी डोळे किलकिले केले.