परखी

तुर्भ्याच्या दाणाबंदरात
परखी खुपसली की पोतं खरं बोलतं.
तूरडाळ. सोंडे, खडे, कुबट वास.
"वरची तपासनिसाला दाखव," दिवाणजी म्हणाला,
"खालची लष्कराची."

एकशे बारा पोती चढवली.
मजुरी घेतली, चहा प्यालो.
थप्पी खालनं सडते,
वरनं कळत नाही. एक दिवस नुसती कलते.

रात्री निवृत्तीचा फोन, बर्फातनं तुटक:
"दादा, डाळीत तोंड दिसतं.
आईला सांगू नकोस. बाकी मजेत."
खाल्ल्या मिठाला जागतंय पोर.
मीठ तरी असतं का रे, विचारलं नाही.

कोपरखैरण्याच्या खोलीत बायकोनं ताट वाढलं.
डाळ घट्ट होती.
परखी अजून कमरेला.
माझ्यात खुपसली असती कुणी,
तर काय सांडलं असतं?